टेबलाने मागवायचे जेवण: आसगावातला एक रविवार

पाणंद यांनी लिहिले:

आषाढातल्या शेवटच्या रविवारी आम्ही सहा जण गोव्यातल्या आसगावात एका जुन्या घरात थाटलेल्या आग्नेय आशियाई रेस्टॉरंटमध्ये सकाळी अकरा वाजता बसलो आणि उठलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. मी, माझे यजमान, म्हापशाचे एक जोडपे, मडगावची माझी कॉलेजातली मैत्रीण आणि तिची आई (त्यांना आम्ही सगळेच काकी म्हणतो) असा मेळा होता. बाहेर पाऊस लागलेला, पडवीच्या कडेने पागोळ्या गळत होत्या आणि कोणालाही कुठेही पोहोचायचे नव्हते. अशी दुपार पुष्कळ दिवसांनी मिळाली, म्हणून हा धागा.

दोन वर्षांपूर्वी आम्ही हीच मंडळी दुसऱ्या एका ठिकाणी अशाच जेवणाला गेलो होतो आणि तो बेत साफ फसला होता. प्रत्येकाने मेन्यूकार्ड हातात घेऊन आपापले मागवले. परिणामी टेबलावर चार फ्राइड राइस, दोन नूडल्स आणि एक तळलेले काहीतरी आले. चाळीस मिनिटांत ताटल्या रिकाम्या झाल्या आणि बिल येईपर्यंत जो तो आपल्या फोनमध्ये होता. तेव्हा मी दोष त्या रेस्टॉरंटला दिला होता. आता वाटते की दोष निम्मा तरी आमच्या मागवण्यात होता.

या वेळी मागवण्याचे काम मैत्रिणीने हाती घेतले. ती नोकरीनिमित्त चार वर्षे बँकॉकमध्ये होती. तिने सगळ्यांची मेन्यूकार्डे गोळा करून मिटली आणि म्हणाली, "एकेकाने आपापले सांगायचे नाही. हे जेवण टेबलाने मागवायचे असते." थाई भाषेत जेवणे याला 'किन खाव' म्हणतात, म्हणजे शब्दशः भात खाणे, आणि भाताबरोबर जे जे येते त्या सगळ्याला 'काप खाव', म्हणजे 'भातासोबतचे', असे एकच नाव आहे. भात हा यजमान आणि बाकीचे सगळे पाहुणे. शीत-कडीवर वाढलेल्या आम्हां लोकांना हे कोणी समजावून सांगावे लागू नये; पण मेन्यूकार्ड हातात आले की आपण ते विसरतो हेही खरे.

तर तिने सहा जणांसाठी एक आंबट-तिखट सूप, एक कच्च्या पपईचे सॅलड, सुंगटे (कोळंबी) घातलेली हिरवी करी, तुळस घालून परतलेले चिकन, लसणीवर परतलेली नाळीची भाजी आणि वाफवलेला मासा एवढेच सांगितले, आणि मधोमध भाताचे मोठे भांडे. सहा माणसांना सहा पदार्थ, पण एकही पदार्थ एकाचा नाही. तिचा हिशोब असा होता की एक पदार्थ पातळ हवा, एक कच्चा व कुरकुरीत, एक नारळाच्या दुधातला, एक सुका, एक पालेभाजी आणि एक अगदी सौम्य. पपईच्या सॅलडने तोंड पेटले की वाफवलेल्या माशाकडे वळायचे, आणि करीने जीभ जड झाली की पुन्हा सॅलडकडे. चव जुळते ती टेबलावर. एकट्याच्या ताटलीत ती जुळणे कठीण, म्हणून एकट्याने घेतलेली हिरवी करी चौथ्या घासाला कंटाळवाणी वाटते.

दुसरी गोष्ट तिने सांगितली ती खाण्याच्या रीतीची. काकींनी सवयीने सगळे थोडे थोडे भातावर वाढून घेतले होते. तिने हसत सांगितले की एका वेळी एकाच पदार्थाचा एक चमचा भातावर घ्यायचा, तो संपवायचा, मग दुसरा. त्यामुळे हात सारखा मध्यभागी जात राहतो, भांडी इकडून तिकडे सरकतात, "हे जरा इकडे द्या" असे होत राहते आणि बोलणेही त्याच्याबरोबर सरकते. आम्ही साडेचार तास बसलो त्याचे निम्मे कारण मला या रीतीत दिसते.

पपईचे सॅलड पडवीच्या एका कोपऱ्यात आमच्यासमोरच तयार होत होते, आणि मी खुर्ची वळवून ते पाहत बसले. उंच मातीची उखळ होती. आधी लसूण व मिरच्या चेचल्या, मग गूळ, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटो, भाजलेले शेंगदाणे व सुकी सुंगटे पडली आणि सर्वांत शेवटी पपईचा लांब कीस. करणाऱ्या मुलीच्या उजव्या हातात लाकडी मुसळ आणि डाव्या हातात पळी होती. मुसळ खाली आले की पळीने तळचे वर काढायचे, असा दोन्ही हातांचा ताल. पपई ठेचायची नसते, नुसती दुखवायची असते, म्हणजे ती रस पिते पण कुरकुरीतपणा सोडत नाही. त्या आवाजावरून या सॅलडला 'पोक पोक' असेही म्हणतात हे नंतर कळले. ऐकल्यावर दुसरे नाव सुचणे शक्यच नव्हते. पहिला घास घेऊन काकी म्हणाल्या, "ही तर किसमूर!" सुकी सुंगटे, आंबट, तिखट आणि चुरचुरीत. नारळाच्या जागी पपई एवढाच फरक.

खर्च पेये धरून प्रत्येकी १,५०० रुपयांच्या आत आला. कमी नाही, पण वाटून खाल्ल्यामुळे काहीही वाया गेले नाही.

आता अडचण अशी की पुढचा ब्रंच श्रावणात येतो आणि आमच्यातले तिघे तेव्हा शिवराक (शाकाहारी) असतात. वाटून खाण्याची ही रीत शिवराक मंडळींसोबत कशी सांभाळावी? ज्यांना अनुभव आहे त्यांनी जरूर लिहावे.

बांगडा_तिरफळ यांनी लिहिले:

लेख वाचून भूक लागली. काकींचे किसमुरीचे निरीक्षण अचूक आहे. त्यात माझी एक भर घालतो. उत्तर थायलंडमध्ये खिम्याच्या 'लाप' या पदार्थात 'मखवेन' नावाचा मसाला घालतात, आणि तो म्हणजे आपल्या तिरफळाचा सख्खा भाऊ. जिभेला येणारी तीच झिणझिणी आणि तोच लिंबासारखा वास. चियांग माईच्या बाजारात मी तो पोत्यात भरलेला पाहिला आणि दुकानदाराला खुणांनी विचारले की बी काढून टाकता ना. त्याने मान डोलावली. बांगड्याच्या हुमणात (आमटीत) तिरफळ घालणारा माणूस जगात एकटा नाही, याचे मला का कोण जाणे, फार समाधान वाटले.

दुसरी गोष्ट चॉपस्टिक्सची. थाई जेवणासाठी चॉपस्टिक्स मागून घेणारे लोक मी आपल्याकडे नेहमी पाहतो. थायलंडमध्ये त्या मुख्यतः नूडल्सच्या वाडग्यासाठी वापरतात. भात व करी उजव्या हातातल्या चमच्याने खातात, आणि डाव्या हातातला काटा फक्त घास चमच्यावर ढकलण्यासाठी असतो. चिकट भात तर सरळ हाताने खातात. मलेशिया-इंडोनेशियात भात उजव्या हाताने कालवून खाणे अगदी रीतीचे आहे. म्हणजे वाडग्यातून करीत बुडालेला भात दोन काड्यांनी उचलण्याचा जो पराक्रम आपण करतो, तो बहुधा आपलाच शोध आहे. व्हिएतनामी पदार्थ असतील तर मात्र काड्या योग्य.

सोमवार_शिवराक यांनी लिहिले:

धागा सुंदर आहे, पण शेवटच्या प्रश्नावर माझे मत कडवट आहे हे आधीच सांगते. मी वर्षभर शाकाहारी आहे. वाटून खाण्याच्या या बेतांत माझ्या वाट्याला दर वेळी तळलेला टोफू, फ्राइड राइस आणि सगळ्यांची सहानुभूती येते. एका रेस्टॉरंटमध्ये (नाव लिहीत नाही) मी तीन वेळा विचारून भाज्यांची लाल करी मागवली होती. "प्युअर व्हेज आहे, मॅडम" असे उत्तर मिळाले. अर्धी खाऊन झाल्यावर वाढप्याने सहज सांगितले की मसाल्यात थोडी सुंगटांची पेस्ट असते, "पण पीस नाही". पीस नाही म्हणजे शाकाहारी, ही व्याख्या मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली. तेव्हापासून अशा बेतांना मी जेवून जाते आणि वर नारळपाणी घेते.

भट्टी यांनी लिहिले:

मी उत्तर गोव्यातल्या एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात नऊ वर्षे काम करतो, म्हणून सोमवार_शिवराक यांच्या अनुभवावर पलीकडच्या बाजूने लिहितो. त्यांची फसवणूक झाली हे मान्यच, पण तो वाढपी बहुधा खोटे बोलत नव्हता. त्याला माहीतच नव्हते.

करीची चव ताटलीत पडण्याच्या कितीतरी आधी ठरलेली असते. हिरव्या करीच्या वाटणात हिरव्या मिरच्या, गवती चहाचा बुंधा, कोळिंजन, मक्रूट लिंबाची साल, कोथिंबिरीची मुळे, लसूण, छोटे कांदे, धने, जिरे, पांढरी मिरी आणि 'कापी' असते. कापी म्हणजे मीठ घालून आंबवलेली बारीक सुंगटे. हे वाटण एकदाच मोठ्या प्रमाणात करून ठेवतात. डब्यातले तयार वाटण आणले तरी बहुतेक वेळा त्यात सुंगटे असतातच. तेव्हा अकरा वाजता टेबलावर बसून "यात मासळी घालू नका" असे सांगितले तर आचारी वरून मासळीचे तुकडे घालणार नाही, पण वाटणातली सुंगटे तो काढणार कशी? म्हणून आदल्या दिवशी फोन करावा आणि "शाकाहारी आहे का" असे न विचारता "वाटण तुम्ही स्वतः करता का, आणि आमच्यापुरते कापीशिवाय कराल का" असे विचारावे. या प्रश्नाला गोंधळलेले उत्तर आले तर करी मागवूच नये.

करीखेरीजही खाचखळगे आहेत. पपईच्या सॅलडमध्ये फिश सॉस असतो, आणि तो वगळला तरी उखळ तीच असते. मातीची उखळ वास धरून ठेवते, म्हणून वेगळ्या भांड्यात करायला सांगावे. तोम यम या आंबट-तिखट सुपासाठी भाजलेल्या मिरचीचे जे तेलकट वाटण वापरतात त्यात बहुधा सुकी सुंगटे असतात. परतलेल्या पालेभाजीत ऑयस्टर (कालवांचा) सॉस असतो. त्याऐवजी अळिंब्यांचा सॉस मिळतो, मागितला तर घालतात. आणि सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे सुरुवातीला टोपलीत येणारे पांढरे कुरकुरीत पापड. दिसायला ते हुबेहूब आपल्या साबुदाण्याच्या पापडासारखे असतात, पण पुष्कळदा टॅपिओकाच्या पिठात सुंगटे वाटून केलेले असतात. शाकाहारी माणसे बाकी सगळे विचारतात आणि बोलता बोलता हेच खातात.

सोमवार_शिवराक यांनी लिहिले:

पापड! मी ते गेली कित्येक वर्षे खात आले आहे. असो. तुमचे आभार मानावेत की तुमच्यावर रागवावे हे ठरवायला मला जरा वेळ द्या.

उकडा_तांदूळ यांनी लिहिले:

ब्रंच ही काही नवी आणलेली वस्तू आहे अशा सुरात लोक लिहितात तेव्हा मला आमच्या सत्तरी तालुक्यातल्या घरातली दहा-अकराची पेज आठवते. सकाळी चहा घेऊन माणसे शेतात जात आणि ऊन चढले की परत येऊन ओट्यावर बसत. उकड्या तांदळाची पेज, आदल्या दिवसाची आटवलेली कालची कोडी, भाजलेला खारा बांगडा किंवा तोराचे (कैरीचे) लोणचे. न्याहारी आणि जेवण यांच्या मधले, निवांतपणे आणि चारचौघांत बसून खायचे ते हेच. फरक एवढाच की तेव्हा त्यानंतर पुन्हा चिखलात उतरायचे असे, आणि आता गाडीत बसून घरी झोपायला जायचे असते.

हे विषयाला सोडून नाही, कारण आग्नेय आशियात सकाळचे खाणे पुष्कळ ठिकाणी पेजच आहे. थायलंडमधला 'चोक' म्हणजे तांदळाची कणी विरघळेपर्यंत शिजवलेली दाट पेज, वर आले, कांद्याची पात आणि कधी कच्चे अंडे फोडलेले. अख्ख्या दाण्यांची पातळ पेज असेल तर ती 'खाव तोम'. इंडोनेशिया-मलेशियात 'बुबुर', व्हिएतनाममध्ये 'चाव'. पोर्तुगालात कोंबडीच्या रश्शात तांदूळ शिजवून जे सूप करतात त्याला 'कांजा' म्हणतात, आणि तो शब्द आपल्याकडच्या कांजीवरून तिकडे गेला. ब्रंचच्या मेन्यूकार्डावर चोक दिसला की मी तो आधी मागवतो. बहुतेक ठिकाणी वाढपी विचारतो, "सर, बरे वाटत नाही का?"

दिवाडीची_फेरी यांनी लिहिले:

मी थोडा विरोधी सूर लावतो. मला हे जेवण आवडते, पण त्याभोवतीचा थाट आवडत नाही. आसगावच्या अरुंद रस्त्यांवर रविवारी अकरा वाजता दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या असतात आणि गावच्या माणसाला स्वतःच्या फाटकातून स्कूटर बाहेर काढता येत नाही. आमच्या एका नातेवाइकांनी फाटकावर पाटी लावली, तर लोक त्या पाटीपुढे उभे राहून फोटो काढू लागले. तेव्हा जाणाऱ्यांनी एका गाडीत बसून जावे एवढीच विनंती.

दुसरे, बिल नीट वाचावे. रेस्टॉरंटच्या जेवणावर सर्वसाधारणपणे ५ टक्के जीएसटी लागतो. सेवाशुल्क मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बिलात आपोआप लावण्यास मनाई केली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती मनाई उचलून धरली. साडेचार तास एक टेबल अडवून बसल्यावर वाढप्याच्या हातात स्वतःहून काही ठेवणे हा वेगळा विषय, आणि ते ठेवावेच.

पाणंद यांनी लिहिले:

दिवाडीची_फेरी, आम्ही सहा जण एकाच गाडीतून गेलो होतो. काकी पुढे आणि चौघे मागे कोंबलेले. कायद्याला ते किती मान्य होते हे विचारू नका. टेबल अडवण्याबद्दल सांगायचे तर पावसाळ्यातला रविवार होता, निम्मी टेबले रिकामी होती आणि दोन वाजल्यावर त्यांनीच आम्हांला गवती चहा आणून दिला.

भट्टी, तुमचा प्रतिसाद मी लिहून घेतला आहे. पण त्यातून माझी अडचण वाढली. आदल्या दिवशी सांगून शिवराक वाटण करून घेतले तरी टेबलावर दोन करी, दोन सॅलड आणि दोन सूप असे दोन तट पडणार, आणि मग "तो चमचा इकडे घालू नका" हे सुरू होणार. वाटून खाण्यातली गंमतच त्यात निघून जाते. सोमवार_शिवराक यांना वाईट वाटते ते पदार्थ न मिळाल्याचे नसून मध्यभागी हात नेता न आल्याचे असावे, असे मला वाटते.

मोगरा_आणि_पाऊस यांनी लिहिले:

पाणंद, तुम्हांला हवा आहे तो पदार्थ ब्रह्मदेशातला आहे. 'ओन्नो खाउक स्वे', म्हणजे नारळाच्या दुधातल्या नूडल्स. आपल्याकडे तो नुसता खाऊसे म्हणून ओळखला जातो. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतर हजारो भारतीय कुटुंबे ब्रह्मदेश सोडून परतली आणि त्यांच्याबरोबर हा पदार्थ इथल्या स्वयंपाकघरांत आला. मूळ पदार्थ कोंबडीचा आहे, पण त्याची रचना अशी आहे की तुमचा तिढा आपोआप सुटतो.

मधोमध येते ती फक्त नारळाच्या दुधाची, हळदीच्या रंगाची पिवळी आमटी, हरभऱ्याच्या पिठाने दाट केलेली. बेसन आधी कोरडे भाजून, पाण्यात कालवून घालायचे. कच्चे राहिले तर झुणक्याचा वास येतो आणि सगळे फसते. आमटी भाज्यांची करायची. शेजारी उकडलेल्या नूडल्स. आणि मग लहान लहान वाट्या: तळलेला लसूण, तळलेला कांदा, कुरकुरीत तळलेल्या नूडल्स, भाजलेले शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, मिरचीचे तेल, लिंबाच्या फोडी. ज्यांना हवे त्यांच्यासाठी उकडलेली अंडी आणि चिकन वेगळ्या भांड्यात, टेबलाच्या एका टोकाला. प्रत्येकजण आपला वाडगा आपण रचतो, तरीही हात सगळ्यांचे त्याच वाट्यांकडे जातात.

रेस्टॉरंटमध्ये मागवत असाल तर आमटी कशावर केली आहे तेवढे विचारा. शाकाहारी म्हणून लिहिलेल्या आमटीतही कधी फिश सॉस पडलेला असतो. घरी करणार असाल तर नारळ आपलाच खवून दूध काढा. डब्यातले दूध चालते, पण दोन्ही चाखून पाहिले की पुन्हा डबा आणवत नाही.

फोंताइन्याश_मधला यांनी लिहिले:

इथे पदार्थांची नाती जुळवणे चालले आहे म्हणून थोडे लिहितो. ही नाती योगायोगाची नाहीत, निदान सगळी नाहीत. पोर्तुगीज सेनापती अफोंसो द अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलय किनाऱ्यावरचे मलाक्का. १६४१ मध्ये डचांनी मलाक्का काढून घेईपर्यंत ही दोन्ही बंदरे एकाच सत्तेची होती आणि त्यांच्यामध्ये जहाजे सारखी ये-जा करीत. तिमोर तर १८४४ पर्यंत गोव्याच्या कारभाराखाली होते. माणसे गेली तिथे बरण्याही गेल्या. आपले बल्चांव, म्हणजे सुंगटांचे तिखट-आंबट लोणचे, घ्या. मलय भाषेत आंबवलेल्या सुंगटांच्या पेस्टला 'बलाचान' म्हणतात, आणि बल्चांव हा शब्द त्याच घरातला. नाताळात आपल्याकडे माडाचा गूळ, तांदळाचे पीठ आणि नारळाचे दूध आटवून दोदोल करतात. मलेशिया-इंडोनेशियात त्याच जिनसांचा तसाच चिकट काळपट पदार्थ ईदला करतात आणि त्यालाही दोदोलच म्हणतात. फिलिपिन्समधली 'बिबिंका' आणि आपली बेबिंका यांचे नाव एक, पण पदार्थ वेगळे. तिकडची तांदळाची केळीच्या पानावर भाजलेली, आपली अंड्यांची आणि थरांची. मात्र वरून निखारे ठेवून भाजण्याची जुनी पद्धत दोन्हीकडे आहे.

सर्वांत मजेदार जोडी माशांच्या कढीची. मलय लोक एका कढीला 'आसाम पेदास' म्हणतात. आसाम म्हणजे आंबट, पेदास म्हणजे तिखट. आपण आंबट तीक म्हणतो. इथे कोणी कोणाकडून नाव उचलले असे मी म्हणणार नाही. समुद्रकाठच्या माणसाला मासळीचे दुसरे काय सुचणार? पण त्यांच्याकडे आंबटपणासाठी फळाच्या ज्या सुकवलेल्या चकत्या वापरतात ते फळ आपल्या भिरंडेच्याच (कोकमाच्या) कुळातले, गार्सिनियाचे आहे.

आणि ज्या आसगावात बसून तुम्ही हे जेवलात, तिथेच १८५५ मध्ये मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगादो जन्मले. कोकणी-पोर्तुगीज शब्दकोश रचणारे आणि आशियाई भाषांत पोर्तुगीज शब्द कुठे कुठे गेले याचा माग काढणारे हे भाषापंडित. बल्चांव की बलाचान हा वाद त्यांच्या गावच्या पडवीत बसून घालण्यासारखाच आहे.

म्हापशाचा_शुक्रवार यांनी लिहिले:

एक लहानशी दुरुस्ती सुचवतो. पुष्कळ ठिकाणी रविवारच्या 'आग्नेय आशियाई ब्रंच'मध्ये अर्धे पान डिमसमचे असते. डिमसम हा दक्षिण चीनमधल्या कँटनी लोकांचा चहाबरोबर खायचा प्रकार आहे. तिथून गेलेल्या लोकांबरोबर तो सिंगापूर-मलेशियात रुजला हे खरे, पण सकाळच्या खाण्यात खास त्या भागाचे काही हवे असेल तर 'काया टोस्ट' मागवून पाहावा. नारळाचे दूध, अंडी व साखर आटवून केलेला, पानदान नावाच्या सुगंधी पानांच्या वासाचा जॅम, भाजलेल्या पावाच्या दोन कापांमध्ये लोण्याच्या थंड चकतीसह, आणि बाजूला अर्धीकच्ची अंडी व कडक कॉफी. आपल्या पोदेराच्या (पाववाल्याच्या) ताज्या उंड्यात (गोल पावात) हा जॅम मी घरी घालून पाहिला आहे. सिंगापूरच्या माणसाने नाक मुरडले असते. आमच्या घरात उंडे पुरले नाहीत.

उकडा_तांदूळ यांनी लिहिले:

एक व्यावहारिक शंका. श्रावणातल्या रविवारी आपल्याकडे घरोघरी आयतारपूजन, म्हणजे रविवारची पूजा, असते. पत्री गोळा करण्यापासून नैवेद्यापर्यंत बायकांची सकाळ त्यातच जाते आणि त्या दिवशी कांदा-लसूणही नसतो. मोगरा_आणि_पाऊस यांच्या खाऊसेमधून तळलेला कांदा आणि लसूण काढला तर उरते ती चांगली आमटी, पण खाऊसे नव्हे. पाणंद, तुमचा बेत शनिवारी का ठेवत नाही?

पाणंद यांनी लिहिले:

उकडा_तांदूळ, आयतार माझ्या डोक्यातून साफ निसटला होता. मडगावला फोन केला, तर काकी म्हणाल्या की त्या आठवण करून देणारच होत्या. तेव्हा बेत श्रावणातल्या दुसऱ्या शनिवारी, आणि आता रेस्टॉरंटऐवजी आमच्या फोंड्याच्या घरी, पडवीत. मोगरा_आणि_पाऊस यांच्या रीतीने खाऊसे मी करणार, बेसन कोरडे भाजून. म्हापशाची मंडळी उंडे आणि काया जॅम आणणार आहेत. नारळ खवण्याचे काम यजमानांकडे गेले आहे, त्यांना अजून सांगितलेले नाही. सोमवार_शिवराक, तुम्ही फोंड्याच्या आसपास असाल तर नक्की या. पापड साबुदाण्याचेच असतील आणि ते मी स्वतः तळीन.

मैत्रिणीच्या मनात तुळस घालून परतलेला टोफू करायचा आहे. आसगावला आम्ही खाल्ले त्या 'क्रापाव'मध्ये जी पाने असतात ती खरोखर आपलीच तुळस, नुसता सब्जाचा पाला नव्हे, हे तिने तेव्हाच सांगितले होते आणि काकींचा चमचा जागच्या जागी थांबला होता. तेवढा पदार्थ त्यांनी पुढे खाल्ला नाही, काही बोलल्याही नाहीत. काल फोनवर त्यांनी स्वतःहून विषय काढला. वृंदावनातल्या तुळशीला कोणी हात लावायचा नाही. विहिरीकडच्या वाटेवर जी आपोआप उगवली आहे तिची पाने चालतील, पण शनिवारी नव्हे, शुक्रवारी संध्याकाळच्या आत खुडून ठेवा आणि आधी तिला विचारा, असे त्यांनी सांगितले आहे.